विश्लेषण : स्कूबाच्या सहलीत ‘नाही’ म्हणणारा यजमान का हवा?

सकाळचे साडेसहा. हॅवलॉकच्या किनाऱ्यावर ओहोटी लागलेली. आम्ही पाच मित्र रबरी पोशाख अर्धवट चढवून उभे होतो आणि आमचा मार्गदर्शक आमच्यातल्या एकाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाला, ‘सर, आप आज नहीं जाएंगे.’

कारण? आमच्या बँकेतल्या मित्राने नाक ओढले होते. एकदाच. मार्गदर्शकाने ते ऐकले.

मित्राला सर्दी होती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. आदल्या रात्री आरोग्याचा अर्ज भरताना ‘सध्या सर्दी, सायनसचा त्रास आहे का?’ या प्रश्नावर त्याचे पेन थबकले, तेव्हा ‘नाही लिही रे, एवढ्याशा सर्दीला काय होतंय’ असे म्हणणारा मीच होतो. त्यामुळे पुढे जे घडले त्यात माझा वाटा आहे आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.

अंदमान, लक्षद्वीप, मालवण, मालदीव, थायलंड... मित्रांचा गट, चार-पाच दिवसांचे पॅकेज आणि त्यात ‘स्कूबा’ हा ठरलेला कार्यक्रम, हे आता मराठी घरांत नवे राहिलेले नाही. त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. पण या खेळात सुरक्षिततेचे सर्वांत मोठे साधन सिलिंडर नसून स्थानिक यजमानाचा नकार आहे आणि आपल्या सहलींची आखणी नेमकी तो नकार अशक्य करणारी असते, असे माझे मत झाले आहे. ते का, ते पाहू.

सगळे हॅवलॉकलाच का जातात?

मराठी माणसाचे अंदमानशी नाते सेल्युलर तुरुंगातल्या सावरकरांच्या कोठडीपासून सुरू होते. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) येथे तो तुरुंग पाहून झाला की बोट पकडायची आणि ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवरचे हॅवलॉक गाठायचे, हा ठरलेला मार्ग. २०१८ मध्ये या बेटाचे नाव स्वराज द्वीप झाले. बोलण्यात मात्र अजून हॅवलॉकच आहे.

बेट छोटे, प्रवाळ किनाऱ्यापासून जवळ आणि पाणी बहुतेक दिवस नितळ. पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्यांना किनाऱ्यालगतच्या उथळ प्रवाळपट्ट्यात नेतात. अनुभवी लोक बोटीने दूरच्या, खोल जागी जातात.

इथले यजमान कोण, हेही समजून घ्यायला हवे. १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटावर जमिनी दिल्या. म्हणून इथल्या वस्त्या आजही ‘तीन नंबर’, ‘पाच नंबर’ अशा आकड्यांनी ओळखल्या जातात आणि बाजारात बंगाली ऐकू येते. आम्ही उतरलो ते घर अशाच एका कुटुंबाचे. पुढे सुपारीची बाग, मागे चार खोल्या. घरमालकिणीला सगळे ‘बौदी’, म्हणजे वहिनी म्हणत. त्यांचे सासरे लहानपणी आईवडिलांबरोबर जहाजाने इथे आले होते.

आमचा मार्गदर्शक होता मध्य अंदमानातल्या कॅरेन समाजाचा. १९२५ च्या सुमारास ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणलेल्या लोकांचा हा समाज. समुद्रात वाढलेली ही माणसे. त्या मुलाला पोहायला कधी शिकलास, असे विचारले तर तो हसला. चालायला कधी शिकलात, हे कुणाला आठवते?

पाण्याखाली शरीराचे नेमके काय होते?

आधी एक गैरसमज दूर करू. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये, श्वास घेऊ तेवढीच हवा आसपासच्या पाण्याइतक्या दाबाने देणारे यंत्र तयार केले आणि हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

खरा मुद्दा दाबाचा. जमिनीवर आपण एक वातावरण दाबाखाली असतो. समुद्रात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट आणि वरून नेलेला फुगा तिथे निम्मा. उलटही खरे. १० मीटरवर पूर्ण भरलेली फुप्फुसे श्वास कोंडून वर आणली, तर आतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढे ताणले जाऊ शकत नाही. म्हणून या खेळाचा पहिला नियम : पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. घाबरलेला माणूस मात्र नेमके तेच करतो. श्वास रोखतो आणि वर धाव घेतो.

‘आम्ही काय, दहा-बारा मीटरच जाणार’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. नवख्यांसाठीच्या अनुभव-डाइव्हची मर्यादा साधारण १२ मीटर, तर तीन-चार दिवसांचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची १८ मीटर असते. पण दाबातला सर्वांत मोठा, दुपटीचा फरक पहिल्या १० मीटरांतच पडतो. उथळ म्हणजे निर्धोक नव्हे.

अंगठा दाखवला तर काय होते?

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळी भाषा हातांची. तिथे आपली सवय आडवी येते. ‘मस्त चाललंय’ सांगायला आपण अंगठा वर करतो. डायव्हिंगच्या भाषेत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा होतो. ‘ठीक आहे’ म्हणण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

आमच्यातल्या एकाने रंगीत माशांचा थवा पाहून आनंदाने अंगठा दाखवला आणि मार्गदर्शक त्याला सावकाश वर घेऊन आला. वर आल्यावर मित्र वैतागला, ‘अरे, मी तर खूश होतो!’ मार्गदर्शकाचे उत्तर असे : ‘सर, नीचे मैं अंदाज़ा नहीं लगाता.’ पाण्याखाली तो पाहुण्याच्या मनातले ओळखत बसत नाही. वर जायची खूण दिसली की वर. नियम काटेकोर असण्याचा फायदा असा, की खरोखर घाबरलेल्या माणसालाही कारण सांगत बसावे लागत नाही.

साध्या सर्दीला एवढे का घाबरायचे?

खाली जाताना कानाच्या पडद्यावर बाहेरून दाब येतो. कानाची आतली पोकळी एका बारीक नळीने घशाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की त्या नळीतून हवा आत जाते, दाब सारखा होतो आणि दुखणे थांबते. दर मीटरभराने हे करावे लागते.

सर्दीत ही नळी सुजून बंद होते. मग दाब सारखा होत नाही. पडदा आत ओढला जातो, आत द्रव किंवा रक्त साचते, कधी पडदा फाटतो. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणे हा अनेकांचा उपाय असतो आणि तो जास्त धोक्याचा. गोळीचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना आतली प्रसरण पावणारी हवा कोंडते. खाली जाणे टाळता येते, वर येणे टाळता येत नाही.

मार्गदर्शकाने हे सगळे आमच्या मित्राला समजावले. मित्र तयार होईना. पैसे आधीच भरलेले, पुण्यात सगळ्यांना सांगून झालेले. आम्हीही त्याची बाजू घेतली. एकाने तर ‘रिव्ह्यू लिहीन’ अशी धमकीही दिली. मुलगा हलला नाही. ‘लिखिए सर’, एवढेच म्हणाला.

आम्ही चौघे पाण्यात गेलो. मित्र किनाऱ्यावरून चालत गेला आणि दुपारी दुसऱ्या एका ठिकाणी पैसे भरून उतरला. तिथे कुणी नाकाचा आवाज ऐकला नाही. चार मीटरवर कान दुखू लागला, त्याने खूण केली, त्याला ‘थोडे सहन करा’ अशा अर्थाची खूण मिळाली. वर आला तेव्हा मुखवट्यात रक्त होते आणि एका कानाने ऐकू येत नव्हते.

डॉक्टरांनी तपासले, पडद्याला इजा झाली होती. कान बरा होईपर्यंत विमान नाही, असे सांगितले. आम्ही ठरल्या दिवशी निघालो. तो आठवडाभर बौदींच्या मागच्या खोलीत राहिला. मसूर डाळ, भात आणि मोहरीतला मासा खाऊन. आणि रोज संध्याकाळी त्याची चौकशी करायला कोण येत होते? तोच, ज्याला आम्ही वाईट रिव्ह्यूची धमकी दिली होती.

विमानाचा आणि डाइव्हचा संबंध काय?

दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत जास्त विरघळतो. सावकाश वर आले तर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो. दाब झपाट्याने कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतात. सांधे दुखण्यापासून ते अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. त्यावरचा उपचार, म्हणजे पुन्हा दाबाखाली ठेवणारा कक्ष, प्रत्येक बेटावर नसतो.

विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. दोन-अडीच हजार मीटर उंच डोंगरावर असावा तितपत. त्यामुळे शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना विमानात बसणे म्हणजे बाटलीचे झाकण पुन्हा सैल करणे. प्रचलित नियम असा : एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमान टाळायचे.

आमच्या गटातल्या सर्वांत उत्साही मित्राला त्याच दुपारी दुसरी डाइव्ह हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. मार्गदर्शकाने बोटांवर तास मोजले, सोळा भरले. ‘नहीं होगा.’ त्या दिवसातला हा त्याचा दुसरा नकार. तोही पैसे सोडून देणारा.

मग बहुतेक जण ‘हो’ का म्हणतात?

इथे माझे मत स्पष्ट आहे. दोष एखाद्या हलगर्जी प्रशिक्षकाचा असतोच, पण त्याहून मोठा दोष व्यवहाराच्या रचनेचा आहे.

आमच्या मार्गदर्शकाला डाइव्हमागे पैसे मिळत होते. आमच्या मित्राला नेले नाही, म्हणजे त्याची त्या फेरीची कमाई गेली. वर पाहुण्याची नाराजी, मालकाची कुरबुर आणि मोबाइलवर एका ताऱ्याची भीती. नकाराची सगळी किंमत एकट्या त्याने मोजायची आणि होकाराची किंमत पाहुण्याच्या कानाने. अशा व्यवहारात नकार देणारा माणूस टिकतो, हेच नवल.

दुसरी बाजू आपली. पॅकेजमध्ये स्कूबाचे पैसे आधीच कापलेले असतात आणि ‘परतावा नाही’ ही अट बारीक अक्षरात असते. मग खरे सांगणाऱ्याला दंड आणि खोटे सांगणाऱ्याला डाइव्ह. आरोग्याच्या अर्जावर खोटे लिहायला आम्हाला कुणी शिकवले नव्हते, त्या अटीने शिकवले. दम्याचा त्रास, कानाची जुनी शस्त्रक्रिया, हृदयविकार, गर्भारपण या सगळ्यांविषयी अर्जात विचारलेले असते, कारण त्यांतल्या प्रत्येकासाठी आधी डॉक्टरांचा सल्ला हवा किंवा डाइव्ह पूर्ण टाळायला हवी. तो अर्ज बहुतेकदा इंग्रजीत, काउंटरवर, मागे रांग लागलेली असताना समोर येतो.

तिसरी बाजू वेळेची. पाच रात्रींच्या सहलीत हॅवलॉकला एक-दोनच मिळतात. एका सकाळी वारा सुटला, पाणी गढूळ झाले, तर पर्यायी दिवसच नाही. समुद्राला आपले वेळापत्रक पाठ नसते.

पण हजारो लोक सुखरूप परततात ना?

परततात, हे खरेच आहे. एका प्रशिक्षकाने एकाच पाहुण्याला धरून उथळ पाण्यात नेले, साहित्य नीट असले आणि पाहुणा निरोगी असला, तर हा आनंद घ्यावा असाच आहे. मी स्वतः वर आलो तेव्हा काही वेळ बोलू शकलो नाही. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो आणि सगळे निळसर दिसते, हे वाचले होते. पण स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू न येणे आणि एवढासा मासा आपल्याला परका न मानता बाजूने निघून जाणे, हे वाचून कळत नाही.

स्कूबाला जाऊ नका, असे माझे म्हणणे नाही. ‘काल शंभर जण गेले, काही झाले नाही’ हा मात्र आजच्या एकाच्या सर्दीवरचा युक्तिवाद होऊ शकत नाही. यजमानाने मनाला येईल तसे नाकारले तर काय, अशी शंका कुणी घेईल. म्हणूनच नकाराची कारणे लेखी आणि आधी सांगितलेली हवीत. तसे असले तर नकाराचा अपमान वाटत नाही.

प्रवाळाचे काय?

यजमानाचा आणखी एक नकार आपण सर्रास धुडकावतो : ‘हात लावू नका.’ प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते जिवंत प्राण्यांनी बांधलेले घर आहे. दगडी ढिगासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. छायाचित्रासाठी टेकवलेला एक गुडघा कित्येक वर्षांची वाढ मोडतो. पाणी तापल्यामुळे २०१० मध्ये अंदमानातल्या प्रवाळाचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे ते पांढरे पडले. त्याआधी २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने तडाखा दिला होता. जे उरले त्यावरच इथल्या घरांची चूल पेटते.

वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही आठवण म्हणून बॅगेत टाकायचा नसतो. बौदींनी आम्हाला हे पहिल्याच दिवशी, चहा देतानाच सांगून टाकले होते.

आपल्या मालवणला यातून काय घेता येईल?

अंदमान लांब राहिले, पण हाच प्रश्न सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सावलीतही आहे. मालवण-तारकर्लीला दर हंगामात हजारो पर्यटक पाण्यात उतरतात. त्यांना नेणारी अनेक मुले मच्छीमारांच्या घरातली आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. म्हणजे समुद्राचे ज्ञान आहे आणि प्रशिक्षणाची सोयही आहे. हवा आहे तो त्या मुलांच्या ‘आज नको’ला मान. ‘येवा, कोकण आपलाच आसा’ म्हणणारा यजमान जेव्हा ‘आज दर्यात जाव नको’ म्हणतो, तेव्हा तोही पाहुणचारच असतो.

मग करायचे काय?

पर्यटकाने चार गोष्टी कराव्यात. डाइव्ह सहलीच्या पूर्वार्धात ठेवावी, हाताशी एक मोकळा दिवस आणि विमानाआधी पूर्ण २४ तास असावेत. आरोग्याचा अर्ज घरीच मागवून खरा भरावा, शंका असेल तिथे डॉक्टरांना विचारावे. एका प्रशिक्षकाबरोबर किती जण जाणार, हे आधी विचारावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकास एक हाच आग्रह धरावा. आणि ‘तब्येतीमुळे नाकारले तर पैसे परत मिळतील का?’ हा प्रश्न दराच्याही आधी विचारावा.

व्यावसायिकांनी तब्येत किंवा हवामानामुळे रद्द झालेल्या डाइव्हचे पैसे परत द्यावेत आणि त्या फेरीचा मोबदला मार्गदर्शकाला तरीही द्यावा. हा खर्च दरात मिळवला तरी चालेल. तो सुरक्षिततेचाच खर्च आहे. अर्ज मराठी, हिंदी, बंगालीत असावा. आणि परवाने देणाऱ्या यंत्रणांनी ही परताव्याची अट परवान्यातच घालावी. सिलिंडर तपासता येतो, मुखवटा तपासता येतो. नकार देण्याचे स्वातंत्र्य मात्र कागदावर आणल्याशिवाय मिळत नाही.

मित्राचा कान आता बरा आहे. पुण्याला परतल्यावर त्याने पहिले काम केले ते रिव्ह्यू लिहिण्याचे. ज्याने पाण्यात नेले त्याच्याविषयी नव्हे, ज्याने नेले नाही त्याच्याविषयी. पाच तारे दिले आणि एकच ओळ लिहिली : ‘यांनी मला नाही म्हटले.’ पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा जाणार आहे, सहा दिवस हॅवलॉकलाच. अर्ज त्याने आत्ताच मागवून घेतला आहे आणि भरताना मला शेजारी बसू दिलेले नाही.